पाच-शून्यनंतरचा संघ

बंगळुरूच्या श्री कंठीरवा स्टेडियमवर ११ मार्च २०२५ रोजी मुंबई सिटी एफसीने बंगळुरू एफसीला २-० असं हरवलं. मुंबईचा इंडियन सुपर लीगच्या साखळीतला तो शेवटचा सामना. त्या विजयाने बाद फेरीची सहावी, म्हणजे शेवटची जागा पक्की झाली आणि ओडिशाचा रस्ता बंद झाला. पुढे गाठ पडली ती पुन्हा बंगळुरूशीच आणि मैदानही तेच. २९ मार्चच्या त्या सामन्यात नवव्या मिनिटाला सुरेश सिंग वांगजामने पहिला गोल केला. मध्यंतराआधी एडगर मेंडेझने पेनल्टीवर दुसरा. मग रायन विल्यम्स, मग सुनील छेत्री. आणि ८३व्या मिनिटाला होर्हे पेरेरा डियाझने पाचवा. अठरा दिवसांपूर्वी जिथे दोन गोलांनी जिंकलो, तिथूनच पाच गोल खाऊन परतलो.

पहिले चार गोल प्रतिस्पर्ध्याचे होते, पाचवा आपल्याच माणसाचा होता. डियाझ २०२२ ते २०२४ आपल्या निळ्या जर्सीत खेळला. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्धच्या अंतिम सामन्यात आपण ०-१ मागे होतो, तेव्हा बरोबरीचा गोल त्याचाच. नंतर बिपिन सिंगने आघाडी दिली, याकुब वोयतुसने भरपाई वेळेत तिसरा मारला, आणि राहुल भेकेने करंडक उंचावला. मोहन बागानच्या घरच्या मैदानावर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. त्या संघाचा कर्णधार भेके, मधल्या फळीचा मेंदू अल्बेर्तो नोगेरा आणि स्ट्रायकर डियाझ हे तिघंही त्याच उन्हाळ्यात बंगळुरूला गेले. मधल्या फळीचा चौकीदार अपुइया मोहन बागानला गेला. २९ मार्चला आपण बंगळुरूशी हरलो असं निकालपत्रक सांगतं. मला मात्र त्या पाच गोलांत आपलंच २०२४चं अर्धं सामान समोरच्या बाजूने दिसत होतं.

त्या रात्री आमच्या भिवंडीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा आणि त्याच्या पाठोपाठ ईद. एका बाजूला साखरेच्या गाठी, कडुनिंबाचे डहाळे, झेंडूची तोरणं. दुसऱ्या बाजूला शेवया, अत्तर, कुर्त्यांचे ढीग आणि रोजा सोडून बाहेर पडलेली गर्दी. सणासाठी आझमगड-मऊकडे निघालेले कारागीर बोजे बांधत होते. सामना साडेसातचा. आमच्यातले बहुतेक जण मोबाइलवरच बघत होते. कुणी दुकानाच्या गल्ल्यावर, कुणी गोदामाच्या गेटवर रात्रपाळीच्या खुर्चीत. तिसऱ्या गोलानंतर मित्रांच्या ग्रुपवर कुणी काही लिहीना. पाचव्यानंतर पहिला संदेश आला तो डियाझच्या नावाचा होता, आणि पुढचा तासभर वाद एकाच गोष्टीवर चालला: ह्याला सोडलाच का?

मुंबई सिटीचं घर अंधेरीत. शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलातलं ते मैदान मुंबई फुटबॉल अरेना म्हणून ओळखलं जातं. भिवंडीहून तिथे जायचं म्हणजे कशेळी-काल्हेरच्या कोंडीतून ठाणे, ठाण्याहून लोकल पकडून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझादनगर. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते दिवा-वसई मार्गावर. मुंबईकडे थेट लोकल नाही. सामना साडेनऊला संपतो आणि परतताना ठाण्यापुढचा प्रवास नशिबावर असतो. कापूरबावडीला जी गाडी मिळेल ती. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब वर्षानुवर्षं डोक्यावर दिसतात, त्यांच्याखालून आम्ही रिक्षाने घरी येतो. तरीही जातो. ह्या भागातला खेळ म्हणजे टेनिस चेंडूचं क्रिकेट आणि कबड्डी. गावोगावच्या चषकांना रात्रीच्या उजेडात माणसांचा पूर येतो. फुटबॉलवाले त्यात मूठभर. शाळेच्या पटांगणात, परशराम टावरे स्टेडियमच्या एका कडेला, जागा मिळेल तिथे खेळणारे. विश्वचषक आला की गल्लीत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पण ज्याचा सामना उठून बघायला जाता येईल असा संघ आमच्यासाठी एकच. म्हणून त्याच्या खेळाडूंची यादी आम्ही घरच्या हिशेबाच्या वहीसारखी वाचतो.

तर ती वाचू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाच गोल खाल्ले की सगळे बचावावर तुटून पडतात. कुणी टिरीचं वय काढलं, कुणी मेहताबच्या जागा चुकल्या म्हणालं, कुणी सीरियाच्या थाएर क्रौमाला बोल लावले. त्या एका रात्रीपुरतं ते खरंही आहे. पण हंगामाचा हिशेब वेगळं बोलतो. २०२४-२५च्या साखळीत मुंबईने २४ सामन्यांत २८ गोल खाल्ले. सहाव्या क्रमांकाच्या संघासाठी हा आकडा वाईट नाही. आपल्या वर असलेल्या जमशेदपूरने ४३ खाल्ले होते. खरं दुखणं केलेल्या गोलांत आहे. २४ सामन्यांत २९. सातव्या क्रमांकावर राहून बाहेर पडलेल्या ओडिशानेही ४४ केले. आणि आपणच दोन हंगामांपूर्वी, २०२२-२३ मध्ये, २० सामन्यांत ५४ गोल केले होते. ग्रेग स्टीवर्ट, डियाझ, नोगेरा, छांगते, बिपिन, मागे अहमद जाहू आणि अपुइया. त्या संघाने सामन्यामागे जवळपास पावणेतीन गोल केले, ह्या संघाने सव्वा. नऊ सामने बरोबरीत सुटले ते ह्यामुळे. प्रशिक्षक पेत्र क्रात्कीच्या संघाने वर्षभर सामने हातातून फारसे घालवले नाहीत, पण ते आपल्या मुठीतही कधी नीट आले नाहीत.

त्या २०२२-२३च्या संघाचा शेवटही बंगळुरूनेच केला होता, हे विसरता येत नाही. उपांत्य फेरीचा पहिला सामना अंधेरीत छेत्रीच्या गोलावर ०-१ गेला. १२ मार्च २०२३ला कंठीरवावर आपण २-१ जिंकलो, एकूण २-२ झालं आणि पेनल्टी शूटआउट ८-९ असं हरलो. मेहताबचा फटका बंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीतने अडवला. त्या रात्री रडू आलं होतं, पण संघावर राग नव्हता. साखळीत अठरा सामने न हरलेला, साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची शील्ड जिंकलेला संघ पेनल्टीच्या एका फटक्यावर गेला तर त्याची यादी फाडायची नसते. तोच गाभा राखला आणि पुढच्या वर्षी, मध्येच प्रशिक्षक डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला निघून गेला असूनही, करंडक आला. गोव्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ मागे असताना छांगते, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगते यांनी केलेले तीन गोल मी आजही कुणालाही मिनिटांसकट सांगू शकतो. ज्या संघाला एकमेकांच्या धावा डोळे मिटून कळतात, तोच असं करू शकतो.

२०२४च्या उन्हाळ्यात हा मेळ मोडला. कोण राहिलं नाही आणि कोणाला राखलं नाही, ह्याचा तपशील क्लबच्या दाराआड आहे. बाहेर उभ्या चाहत्याला परिणाम तेवढा दिसतो. डियाझच्या जागी ग्रीसचा निकोस करेलिस आला, नोगेराच्या जागी आर्सेनलच्या अकादमीतून वर आलेला योन तोराल आणि गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस. ह्यांतलं एकही नाव हलकं नाही. करेलिसने प्रामाणिकपणे गोल केले, ११ मार्चच्या विजयातही त्याचा वाटा आहे. ब्रँडनसारखा पास भारतात फार थोड्यांकडे आहे. पण करंडक जिंकलेल्या संघातून कर्णधार, सहा नंबर, दहा नंबर आणि नऊ नंबर एकदम काढले, तर उरलेल्यांनी कोणाकडे पाहून खेळायचं? योएल वान नीफ राहिला होता, पण त्याच्या शेजारी अपुइया नव्हता. दोघांनी वाटून घेतलेलं मैदान एकट्याने राखायचं म्हटलं की धाप लागतेच.

इथे भिवंडीतल्या माणसाला जे चटकन कळतं ते सांगतो. मागावर ताणा आणि बाणा असतो. ताणा बीमवर चढवलेला, हजारो धाग्यांचा, एकदा लावला की थान संपेपर्यंत तोच. बाणा धोट्यातून येतो-जातो, कांडी संपली की बदलतात. कापडाचा रंग-नक्षी पुष्कळदा बाण्यावर उठते, पण ताण्याचे धागे तुटायला लागले की माग थांबतो. इंडियन सुपर लीगमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळू शकतात, सात भारतीय असावेच लागतात. ते सात म्हणजे ताणा. परदेशी खेळाडू दरवर्षी जगभरातून आणता येतो; तोडीचा भारतीय बचावपटू किंवा मध्यरक्षक देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच असतो, आणि तो तुमच्याकडून गेला की प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. म्हणून माझ्या मते डियाझ आणि नोगेरा जाणं हा तोटा होता. भेके आणि अपुइया जाणं हे मोडणं होतं.

हे क्लबला माहीत नव्हतं असं नाही, कारण एकेकाळी त्यांनीच हा डाव उलटा खेळून दाखवला होता. ९ मार्च २०१९. उपांत्य फेरीचा पहिला सामना, आपलंच अंधेरीचं मैदान, समोर एफसी गोवा. आपण पहिला गोल केला आणि नंतर १-५ हरलो. प्रशिक्षक होता पोर्तुगालचा जॉर्जे कोस्ता, पोर्तोचा जुना कर्णधार. ५ ऑगस्ट २०२५ला तो गेला, ही बातमी वाचली तेव्हा त्या हंगामातली त्याची बाकापुढची येरझार डोळ्यांसमोर आली. चांगला माणूस होता, त्याच्या हातात त्या मानाने अपुरा संघ होता. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२०च्या हंगामाआधी गोव्याचा तो अख्खा कणा मुंबईत आला: प्रशिक्षक सर्हिओ लोबेरा, मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बूमू, मंदार राव देसाई. ज्यांनी पाच मारले त्यांनाच आणलं. त्याच वर्षी शील्डही आली आणि करंडकही. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यावर शेवटच्या मिनिटाला बिपिनने मारलेला गोल त्या खरेदीचं फळ होता, आणि त्याआधी उपांत्य फेरीत केवळ शूटआउटसाठी मैदानात उतरवलेल्या फुर्बा लाचेंपाचं धाडसही. फुर्बा, बिपिन, मेहताब हे त्या संघातले ताण्याचे धागे. २०१९ला पाच खाऊन क्लबने काय करायचं ते नेमकं ओळखलं. २०२४ला जिंकून तेच विसरलं.

राहुल भेकेविषयी थोडं जास्त लिहायचं आहे. तो मुंबईचा, आपल्या आडनावाचा, आपल्या भाषेचा. आणि मुंबईच्या क्लबमध्ये तो तिशीला पोचल्यावर आला. २०१९च्या त्याच मार्चमध्ये, गोव्याने आपल्याला पाच मारल्यानंतर आठ दिवसांनी, त्याच अंधेरीच्या मैदानावर अंतिम सामना झाला. जादा वेळेच्या ११७व्या मिनिटाला हेडरवर गोल करून भेकेने बंगळुरूला पहिला करंडक मिळवून दिला. मुंबईच्या पोराने मुंबईत, दुसऱ्या शहरासाठी. २०२१ला तो आपल्याकडे आला. ११ एप्रिल २०२२ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्या हेडरने सामना जिंकला, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब म्हणून मुंबईचं नाव लागलं. मग कर्णधार, मग करंडक, मग पुन्हा बंगळुरू. सप्टेंबर २०२५ मध्ये ताजिकिस्तानात काफा नेशन्स कपच्या तिसऱ्या क्रमांकासाठी भारताने ओमानला पेनल्टीवर हरवलं, तेव्हा छांगतेने आणि भेकेने दोघांनीही आपापले फटके जाळ्यात घातले. भारताच्या जर्सीत का होईना, ती दोन नावं एकाच यादीत पाहून बरं वाटलं. त्या भारतीय संघाचा तेव्हाचा नवा प्रशिक्षक खालिद जमील, तोही मुंबईच्या मैदानांनी घडवलेला माणूस.

खालिदचं नाव निघालं म्हणून जयेश राणे आठवतो. मुंबईचाच. खालिदच्या मुंबई एफसीत खेळला, मग त्याच्याच हाताखाली आयझॉलला जाऊन २०१७ मध्ये आय-लीग जिंकला. मिझोरमच्या डोंगरातल्या छोट्या क्लबने मोहन बागान, ईस्ट बंगालला मागे टाकलं, त्यात हा मराठी मुलगा मधल्या फळीत होता. त्याआधी चेन्नईयिनबरोबर, नंतर एटीकेबरोबर सुपर लीगचा करंडक. घरच्या क्लबमध्ये आला तेव्हा २०२३ उजाडलं होतं. भेके आणि राणे दोघांचीही गोष्ट एकाच बाजूला बोट दाखवते. मुंबईत खेळाडू तयार होतात, पण त्यांना मोठं दुसऱ्या गावात व्हावं लागतं.

कारण मधल्या पायऱ्याच नाहीत. महिंद्रा युनायटेड २०१०ला बंद झाला. २००७ला सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ला संपला. रोव्हर्स कप, १८९१पासूनची स्पर्धा, ह्या शतकाच्या तोंडावर थांबली. पुण्याचे क्लब एकामागून एक गेले. जिथे कार्यालयांच्या संघातून नोकरी आणि खेळ दोन्ही मिळायचं, ती वाटही अरुंद झाली. कोल्हापूरला तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवलाय. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडतात तेव्हा शहर दोन भागांत वाटलं जातं, आणि तिथूनच अनिकेत जाधव सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत गेला. ठाणे जिल्ह्यात तसा आधार नाही. भिवंडीभोवती माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर ह्या पट्ट्यात जी मोकळी रानं होती तिथे आता गोदामं आहेत, आणि उरलेल्या तुकड्यांवर तासाच्या भाड्याची टर्फ. कारागिराच्या मुलाला ते भाडं रोज परवडत नाही. पाय चांगला असलेला मुलगा सोळाव्या वर्षी गोदामात पॅकिंगला लागतो आणि तो कोणाच्या नजरेला कधी पडतच नाही.

मला क्लबकडून काय हवं आहे ते अगदी सरळ आहे. दरवर्षी ठाणे, भिवंडी, कल्याण, पालघर ह्या भागात चाचण्या घ्या, फुकट घ्या, आणि त्यातून निवडलेल्या मुलांना राखीव संघात दोन-तीन वर्षं पोसा. मिझोरममधून छांगते आणि अपुइया आले, मणिपूरमधून बिपिन, सिक्कीममधून फुर्बा, पंजाबातून मेहताब आणि विक्रम. ह्या मुलांवर आम्ही जीव टाकला, ते आमचेच आहेत. पण मुंबईपासून दोन तासांवरच्या गावात मोठ्या क्लबचा माणूस वहीपेन घेऊन उभा राहिलेला आम्ही कधी पाहिला नाही. स्थानिक मुलगा घेतला की संघ आपोआप चांगला होतो असं मी म्हणत नाही. पण मोठ्या क्लबने बोलावलं तरी घर सोडताना दोनदा विचार करतो तो घरचाच मुलगा. ताणा टिकवायचा तर असे दोन-तीन धागे हवेत.

आणि २०२५ मध्ये तर यादीच विरत गेली. त्या जुलैत सुपर लीगचा २०२५-२६चा हंगाम स्थगित झाला. आयोजक कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला हक्कांचा करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचा झाला नव्हता. क्लबांनी खेळाडूंना पगार कशाच्या भरवशावर द्यायचा, हा प्रश्न प्रत्येक दारात उभा होता. त्यातच बिपिन ईस्ट बंगालला गेला. सात वर्षं डाव्या बाजूने धावलेला, अंतिम सामन्यांत दोनदा गोल केलेला मुलगा गेला, आणि निरोपाला सामनाही नव्हता. मेहताबला मोहन बागानने नेलं. २०२०-२१च्या संघातल्या त्या तिघांत फुर्बा उरला.

तरीही हंगाम कधी ना कधी सुरू होईल हे धरून मी तेव्हा संघ मांडला. चाहत्याला ते टाळता येत नाही. गोलमध्ये फुर्बा. उजवीकडे वालपुइया. मधल्या बचावात मेहताबच्या जागी भारतीयच हवा, परदेशी नको, कारण तिथे परदेशी घातला की पुढे एक कमी होतो. मधल्या फळीत पहिली खरेदी सहा नंबरची, आणि तीही भारतीय. अपुइयाची जागा वर्षभर रिकामीच राहिली आणि ती आपल्याला गोलांपेक्षा महाग पडली. त्याच्या पुढे ब्रँडन, मोकळा, बचावाच्या ओझ्याशिवाय. उजव्या बगलेवर छांगते आणि त्याच्याशी लगेच लांब करार, बाकी सगळ्यांच्या आधी. नऊ नंबरला गोलासमोर थांबणारा परदेशी, वयाने तिशीच्या आतला. डाव्या बगलेवर विक्रम प्रताप, तब्येतीने साथ दिली तर. राखीव बाकावर मात्र दोन जागा मी राखून ठेवल्या, आणि त्या भरायला क्लबने अंधेरीहून ठाण्याच्या पुढची गाडी पकडायला हवी.